मशीन चांगलं होतं

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही मी हा विषय सफाईने बाजूला ठेवते — त्याला माहीत असेलच, मग पुन्हा कशाला, असं म्हणत. तुम्ही मला ओळखत नाही. बहुधा म्हणूनच जमतंय. जमतंय का? बघू.

सुरुवात अगदी फालतू गोष्टीपासून करते. माझ्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर गेले काही महिने सकाळी एक चौकोन उघडतो. तुमची विंडोज टेन आता जुनी झाली, इलेव्हन घ्या. खाली दोन बटणं — आत्ता, की नंतर. मी 'नंतर' दाबते. रोज. कॉम्प्युटरचं काम बघणारे सलीमभाई फोन करून विचारतात, "मॅडम, कब करना? बाद में तकलीफ होती." मी म्हणते, बघू, दिवाळीनंतर. त्यांना वाटतं मी कंजूष आहे. वाटू दे. मागच्या वेळी मी 'आत्ता' म्हणाले होते.

मी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे कान तपासून कानाचं मशीन बसवून देणारी बाई. संभाजीनगरला गारखेड्यात माझा दवाखाना आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात आणि मी कधी त्यांना दुरुस्त करत नाही. आता कानाचं मशीन घेतलं, कानात घातलं आणि झालं, असं नसतं. ते आधी तारेने कॉम्प्युटरला जोडायचं. कुठला आवाज त्या माणसाला किती कमी येतो ते बघायचं आणि स्क्रीनवर एकेक आवाज चढवायचा-उतरवायचा. ज्या सॉफ्टवेअरमधून हे करायचं ते जुन्या मशीनचं वेगळं आणि नव्याचं वेगळं. पुढे कान आणखी उतरला, की पुन्हा जोडा, पुन्हा चढवा. आणि सॉफ्टवेअर उघडलंच नाही, तर ते मशीन म्हणजे कानात घातलेला बोळा. एवढं समजलं की पुढचं सगळं तुम्हाला समजेल.

माझ्याकडे तेव्हा एक पत्र्याचा डबा होता. माणूस गेलं की घरचे त्याची छत्री, चपला, कपडे देऊन टाकतात. कानाचं मशीन कुणाला द्यायचं? ते घेऊन लोक तेराव्यानंतर माझ्याकडे यायचे, टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, बघा, कुणाच्या उपयोगी पडलं तर. मी ते पुसून, साफ करून ज्याला मशीन घेणं झेपणारं नाही त्याच्या कानाप्रमाणे लावून द्यायचे. माझं या गोष्टीसाठी गावभर नाव होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते नाव फार आवडायचं. पण डब्यातली मशीन जुनी. त्यांची सॉफ्टवेअरही जुनी, आणि ती फक्त विंडोज सेव्हनवर चालायची. हे मला माहीत होतं. इतकं माहीत होतं की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

शीतलला मी डब्यातलंच मशीन दिलं होतं.

फर्दापूरजवळच्या एका गावातलं धनगराचं घर. आई द्वारकाबाई. नवरा-बायको दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायची. शीतल सहा-सात वर्षांची असताना पहिल्यांदा माझ्याकडे आली. जवळजवळ मुकीच, कारण जे ऐकूच येत नाही ते बोलणार कुठून? एका निवृत्त हेडमास्तरांच्या घरून आलेलं मशीन मी तिच्या कानामागे अडकवलं. माझ्या बोटांखाली कीबोर्ड वाजला आणि ती एकदम हसली. मी मुद्दाम पुन्हा वाजवला. मशीन कुणाचं होतं ते मीच तिला नंतर सांगितलं. त्या दिवसापासून ती त्याला 'आज्याचं मशीन' म्हणायची. एकदा तिने विचारलं होतं, आज्याला रात्री कुत्री भुकायची ती ऐकू यायची का?

ती बोलायला लागली. जाड, नाकातून, पण बोलायला लागली. तिला फर्दापूरला मावशीकडे शाळेत ठेवलं. द्वारकाबाईचं म्हणणं साफ होतं — ऐकू येतंय तोवर शाळा, नाहीतर मेंढरांमागं. बहिरी पोर बहिणीच्या भरवशावर कशी ठेवायची? म्हणजे त्या मशीनवर काय लटकलं होतं ते मला माहीत होतं. वर्षातून एकदा त्या दोघी यायच्या, मी अर्ध्या तासात मशीन लावून द्यायचे आणि त्या बसने परत जायच्या.

आता मूळ मुद्द्याकडे येते. येते असं म्हणते आणि बघा, अजून डब्याबद्दलच बोलत बसले आहे.

एका मोठ्या कंपनीने विचारलं, आमचं अधिकृत केंद्र घ्याल का? बाहेर त्यांची पाटी, आत त्यांच्या रंगाच्या भिंती. अट एकच — त्यांचं नवं सॉफ्टवेअर टेनवर चालतं, सेव्हन चालणार नाही. सेव्हनला आता सुरक्षा मिळत नाही, पेशंटची माहिती तिच्यावर ठेवता येणार नाही. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण माझ्यापुढे काय फक्त दोनच वाटा होत्या? जुना कॉम्प्युटर इंटरनेट काढून कोपऱ्यात ठेवता आला असता, डब्यातल्या मशीनांपुरता. एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन्ही ठेवता आल्या असत्या, सुरू करताना सेव्हन की टेन असं विचारतो तसं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी तो विचार केला होता, आणि सोडून दिला होता.

का सोडला? तो पिवळट पडलेला जुना कॉम्प्युटर नव्या भिंतीपुढे वाईट दिसत होता, आणि नव्या स्क्रीनवर ती जुनी सेव्हनही. बस. इतकंच. मी पुष्कळ वर्षं यापेक्षा मोठं कारण शोधतेय. सापडलं नाही.

सलीमभाईंनी काम सुरू करायच्या आधी विचारलं होतं, "मॅडम, पुराना कुछ रखना क्या, की सब उडा दूं?" मी भिंतीवर कंपनीचं पोस्टर सरळ लागलंय का बघत होते. मान न वळवता म्हणाले, सगळं पुसा. डब्यातली मशीन घेऊन गेलेली माणसं मला त्या क्षणी आठवली नाहीत असं लिहायला हात शिवशिवतोय. पण आठवली होती. शीतल आठवली होती. म्हटलं, येतील तेव्हा बघू.

आणि ती आलीच. पाटी लागून आठवडा झाला नसेल. दिवाळी आटोपली होती, मेंढरं निघायची होती, त्याआधी द्वारकाबाई पोरीला घेऊन आली. म्हणाली, शाळेत मास्तर म्हणत्यात हिला नीट ऐकू येईना झालंय. मी तपासलं. कान थोडा उतरला होता. थोडाच — वाढत्या वयाच्या पोरीत असं होतं, मशीन चढवलं की भागतं, त्यात अजून पुष्कळ जागा होती. मी तार जोडली. सवयीने स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्याकडे, जुन्या सॉफ्टवेअरच्या चिन्हाकडे बघितलं आणि तिथे काहीच नव्हतं.

सॉफ्टवेअरची जुनी सीडी ड्रॉवरमध्ये होती. घातली. स्क्रीनवर सूचना आली, हा प्रोग्राम या आवृत्तीवर चालत नाही. पुन्हा घातली. मग ते एक असतं ना, जुन्या आवृत्तीसारखं चालवून बघा — तेही केलं. स्क्रीनवर खिडकी उघडली, मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मागे द्वारकाबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती, नव्या खुर्चीला डाग लागेल म्हणून पाठ न टेकता.

काय म्हणायला हवं होतं? बाई, मी कॉम्प्युटर बदललाय, हिचं मशीन त्यावर लागेना, दोन-चार दिवसांत सोय करते. एवढंच. तिने काय केलं असतं? चिडली असती? ती चिडणारी बाई नव्हती. "बरं" म्हणाली असती आणि पुन्हा आली असती. मग माझी जीभ का उचलली नाही? कारण बाहेरच्या पाटीवर 'अत्याधुनिक' लिहिलं होतं? कारण गावभर नाव असलेली बाई आठवड्यापूर्वी पोस्टर बघता बघता काय करून बसली ते एका खेडवळ बाईला कळलं असतं? हो. यातलंच काहीतरी. मला त्या खोलीतून सुटायचं होतं.

मी खुर्ची वळवली आणि म्हणाले, नस सुकत चाललीय.

आणि मी कागद पुढे धरला. कान तपासल्यावर जो आलेख निघतो तो. त्यावरची रेघ खाली जाते. ज्यांना कमी ऐकू येतं त्या सगळ्यांचीच खाली जाते; माझ्याकडे रोज दहा लोक त्यापेक्षा वाईट रेघा घेऊन येतात आणि मशीन लावून हसत घरी जातात. द्वारकाबाईला ते कसं कळणार? तिने खाली गेलेली रेघ बघितली आणि पदर तोंडाला लावला. मी बोट त्या रेघेवरून फिरवलं. हे मी विसरू शकत नाही — मी बोट फिरवून दाखवलं, वरून खाली, सावकाश.

"मंग आता मशीनचा काय उपेग नाय?" तिने विचारलं. मी म्हणाले, नाही. तिने विचारलं, मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवू का? आणि बघा, इथे एक दार उघडं होतं. तिथे कुणीतरी बघितलं असतं, हसलं असतं, अर्ध्या तासात मशीन लावून दिलं असतं. मी म्हणाले, दाखवा, पण तेही हेच सांगतील, उगाच हेलपाटे होतील. पकडली जाऊ नये म्हणून मी ते दारही लावून घेतलं.

शीतल या सगळ्या वेळात माझ्या ओठांकडे बघत होती. अशी मुलं ओठ वाचतात. तिला सगळं नाही, पण पुष्कळ कळलं होतं. तिने मला विचारलं, त्या जाड आवाजात, "ताई, मशीन बिघडलं, का मीच?"

थांबते जरा.

मी म्हणाले, "मशीन चांगलं आहे."

आम्हाला शिकवतात, अशा मुलांशी बोलताना तोंड उजेडाकडे ठेवा, ओठ मोकळे हलवा, शब्द सावकाश टाका, म्हणजे वाचायला चूक होत नाही. मी अगदी तसंच म्हणाले. तिला चूक होऊ नये याची मी काळजी घेतली. मशीन खरंच चांगलं होतं. कानही कामाचा होता. बिघडलेली गोष्ट माझ्या टेबलावर होती, तिच्या समोर, नवी कोरी. मी एका दहा-अकरा वर्षांच्या पोरीला सांगितलं की बिघडलीस ती तू.

तिने मशीन आपल्या हाताने काढलं. द्वारकाबाईने ते पदराने पुसलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाली, "ज्या लेकराला उपेगी पडंल त्याला द्या, ताई. आमच्याकडं पडून काय करायचं?" आणि मी ते घेतलं. ठेवा तुमच्याकडे, असंसुद्धा म्हणाले नाही. घेतलं आणि डब्यात टाकलं.

तुम्ही म्हणाल, घाबरून गेलीस, झालं, माणूस आहे. थांबा. त्या दोघी जिना उतरायच्या आत मला आठवलं होतं की घरी कपाटात नवऱ्याचा जुना लॅपटॉप आहे आणि त्यावर सेव्हन आहे. खिडकीतून त्या दिसत होत्या. द्वारकाबाई रिक्षावाल्याशी भाव करत होती, शीतल तिच्या मागे, आईची पिशवी धरून. हाक मारली असती तर आईला ऐकू गेली असती. मी खिडकीशी उभी राहिले आणि रिक्षा गेली.

रविवारी मी लॅपटॉप काढला. सीडी घातली. खरं सांगू? मी मनात म्हणत होते, चालू नये. हे चालू नये. चाललं नाही तर माझं खोटं निदान थोडं तरी खरं होईल. ते पहिल्या फटक्यात चाललं. मी आज्याचं मशीन जोडलं आणि नव्या तपासणीप्रमाणे चढवलं. अर्धा तासही लागला नाही. जेवणाच्या टेबलावर ते तयार पडलं होतं आणि नवरा विचारत होता, आज सुट्टीच्या दिवशी काय काम काढलंस? मी म्हणाले, काही नाही.

मग फोन केला. 'पुन्हा तपासू या' एवढं म्हणायचं ठरवलं होतं, कबूल करायचं नव्हतंच. फोन बंद. मेंढरं निघाली होती, कुठल्या रानात असतील कोण जाणे. आणि मला — हे लिहायलाच हवं — हायसं वाटलं. मी आणखी एकदा केला असेल. मावशी फर्दापूरला होती, दोन-अडीच तासांचा रस्ता. मी गेले नाही. पावसाळ्यात परत येतील तेव्हा बघू म्हटलं, आणि पावसाळा आला तेव्हा त्यांना येऊन गेल्याला इतके दिवस झाले होते की आता कुठल्या तोंडाने, असं वाटलं. वर्षं अशीच जातात. मी डबा बंद केला. मशीन घेऊन येणाऱ्यांना सांगू लागले, आता जुनी चालत नाहीत. डब्यातली मशीन घेऊन गेलेले एक-दोघे आले, त्यांना मी गुपचूप लॅपटॉपवर लावून दिली. म्हणजे बघा, त्यांना मिळालं. शीतललाच नाही, कारण शीतलशीच मी खोटं बोलले होते.

यंदा तो चौकोन स्क्रीनवर उघडायला लागला आणि माझी झोप उडाली. पोळा झाल्यावर एक दिवस मी गाडी काढली. लॅपटॉप, मशीन, कानाचा नवा साचा घ्यायचं सामान, सगळं बरोबर घेतलं. सिल्लोडच्या पुढे दोनदा गाडी बाजूला लावली. काय बोलायचं ते पाठ करत होते. शीतल, तुझा कान गेला नव्हता. मी खोटं बोलले. दोनच वाक्यं. ओठ मोकळे ठेवून.

द्वारकाबाईने मला दारातच ओळखलं. माझ्या पाया पडायला वाकली. वाकली हो! मी तिचे खांदे धरले. शेजारणीला हाक मारून म्हणाली, "ह्या त्या संभाजीनगरच्या ताई. बाकीच्यांनी लई फिरवलं असतं आमाला, पैका खाल्ला असता. ह्यांनी एका दमात खरं सांगितलं." मी तिथे बाजेवर बसले. पाठ केलेलं बाजूला ठेवून शेजारणीला नमस्कार केला.

शीतल मेंढरं घेऊन टेकडीवरून उतरली. उंच झालीय, उन्हाने काळी पडलीय. तिने मला ओळखलं, हसली. पण बोलली नाही. ती आता बोलत नाही. ऐकल्याशिवाय बोलणं टिकत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं, लोकांना समजावून सांगितलेलं. शाळा त्याच वर्षी सुटली. आईशी हातांनी बोलते, मेंढरांना शिट्टी मारते. ती शिट्टी तिला स्वतःला ऐकू येते का, ते मी विचारलं नाही.

मी लॅपटॉप उघडला. म्हणाले, नवी सोय निघालीय, एकदा बघू या. पुन्हा खोटंच, नाही का? मशीन बाहेर काढलं तर तिने ते लगेच ओळखलं, तिचे डोळेच सांगत होते. मी ते तिच्या कानाजवळ नेलं. तिने माझं मनगट धरलं आणि हळूच खाली केलं. रागाने नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला समजवावं तसं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि हात उलटा केला. आई म्हणाली, "ती म्हणती, म्याच बिघडलेली हाय. आज्याचं मशीन दुसऱ्याला द्या." आणि मग हलक्या आवाजात, "लई रडली व्हती तवा, ताई. पुन्हा आशा नका लावू तिला."

शीतल माझ्या ओठांकडे बघत होती. उजेड चांगला होता. मी समोर बसले होते, हातभर अंतरावर. माझं काहीतरी बोलायचं राहिलंय हे तिला कळलं होतं. ती थांबली होती, हातातली काठी तशीच धरून. दोन वाक्यं. ती वाचून तिने मशीन कानात घातलं असतं, याची मला खात्री आहे. मी तोंड उघडलं.

मी म्हणाले, "बरं."

तिने ते वाचलं, मान हलवली आणि मेंढरांकडे गेली. मी चहा प्यायले. द्वारकाबाईने निघताना माझ्या गाडीत शेंगांची पिशवी ठेवली. मी ती घेतली.

घाबरले होते म्हणून, लाज वाटली म्हणून, आईने पाय धरले म्हणून — यातलं काहीही मी पुढे करत नाही. दिवाळी झाली की ती पुन्हा मेंढरांमागे निघेल. कान दरवर्षी थोडा उतरतो आणि मशीनमध्ये चढवायला जागा तेवढी कमी उरते. एक वर्ष असं येईल की मी त्या दिवशी बोलले ते खरं होईल. तेव्हा मला पुन्हा हायसं वाटेल, ही भीती मला सगळ्यात जास्त वाटते.

शीतलला वाचता येतं. चौथी-पाचवीपर्यंतचं का होईना, येतं. दोन वाक्यांची चिठ्ठी तिने सहज वाचली असती, मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नसतं. ती मी लिहिली नाही. हे एवढं सगळं लिहिलं, आणि तेही तुमच्यासाठी.